काचेतला डाळिंबी शालू

शनिवारी उजाडताच शिरूरच्या पेठेत बोंब झाली. हौसरावांच्या कापडदुकानातली काचेमागची बाई उघडी उभी होती. अंगावरचा डाळिंबी शालू गायब होता.

साल १९६४. पेठेत काच असलेलं दुकान ते एकच. पुण्याहून आणलेला पुतळा आणि दर पंधरवड्याला त्याच्यावर नवं वस्त्र. ती सजावट हन्नाबाई साळवे करायची. मिशनच्या शिवणवर्गाची ती मास्तरीण. तिला वर्गातून बोलावून आणलं, तेव्हा दुकानापुढं गर्दी जमली होती.

"काचेच्या खोलीचं दार बोळात उघडतं," हौसराव पायरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कुलूप शाबूत हाय. किल्ल्या दोनच. एक माझी, एक या बाईंची. आता काय शोधायचं?"

हन्नाची कानशिलं तापली. सहा वर्षं ती इथं राबत होती.

चौकीतून आलेल्या जमादारांनी वही उघडली. "काल दुकान बंद झाल्यावर कुठं होतात?"

"घरी."

"कुणी पाह्यलं?"

"सासूबाईंनी."

"घरचं माणूस. ते धरता येत न्हाई."

पुतळा बघू द्या, असं हन्ना तीनदा म्हणाली. तीनदा जमादारांनी वहीतून मान वर केली नाही. चौथ्यांदा ते वैतागले. "बघा. हात लावू नगा."

ती आत गेली. फरशीवर सात-आठ टाचण्या सांडल्या होत्या. दोन पुतळ्याच्या कापडी कमरेत अजून रुतलेल्या होत्या.

"या टाचण्या कुणाच्या?"

"तुमच्याच की बाई," गिऱ्हाइकांना कापड दाखवणारा सावळाराम म्हणाला.

"रेशमाला मी टाचणी लावत नाही. भोक पडतं. शालू मी कच्च्या टाक्यांनी बसवला होता." ती जमादारांकडे वळली. "हे लिहून घ्या."

"टाचणीवरनं चोर सापडतो व्हय?" ते हसले. त्यांनी लिहिलं नाही.

हन्नानं राग गिळला. "सावळाराम, मालकांची किल्ली कुठं असते?"

"गादीमागं खिळ्याला." तो एक पाऊल मागं सरकला. "माझाबी हात पोचतो तिथं. पन म्या न्हाई नेला."

"दुपारी तुम्ही कुठं असता?"

"बारा ते चार घरी. तवा दुकानात मालक एकलेच."

समोर मुक्ताबाई कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं. तिची नजर दिवसभर या काचेवर असे. हन्ना रस्ता ओलांडून गेली.

"मावशी, दुपारी काचेवर ऊन येतं तेव्हा आतला पडदा कोण ओढतं?"

"हौसराव सोता. रंग उडंल म्हनून लई जपायचे. सोमवारी तर मोटार येऊन गेली आन् पडदा पार चारपर्यंत बंद. पन मंगळवारपासनं पडदा न्हाईच. चार दिस बाई बिचारी उन्हात."

हन्ना थबकली. मग ताडताड परत आली.

एवढ्यात न्हावऱ्याचे भिमाजी पाटील बैलगाडीतून उतरले. शालू त्यांच्या लेकीच्या लग्नासाठी ठरलेला होता. बाजाराच्या लोकांना दिसावा म्हणून हौसरावांनी आजपर्यंत काचेत ठेवायला मागून घेतला होता.

"आबा, तुमचा शालू काल चोरीला गेलेला नाही," हन्ना म्हणाली. "तो सोमवारीच गेला."

"बाई, काल सांजच्याला मी सोता पाह्यला," जमादार म्हणाले.

"तुम्ही डाळिंबी रंग पाहिलात. पुतळ्याला नेसवलेलं वस्त्र टाचण्यांवर उभं होतं, म्हणजे ते माझ्या हातचं नव्हतं. तो शालू कुणीतरी आधीच काढून तसंच दिसणारं हलकं कापड नेसवलं. ज्याला टाके घालता येत नाहीत, अशानं. आता दिवसा भर पेठेत पुतळ्याचं वस्त्र बदलायचं तर पडदा हवा. पडदा पडतो दुपारी, सोमवारी तो पार चारपर्यंत बंद होता, आणि दुपारी सावळाराम दुकानात नसतो."

हौसरावांनी कपाळ पुसलं.

"आणि मंगळवारपासून पडदा ओढलाच नाही. रंगाला एवढं जपणाऱ्या माणसाला अचानक रंगाची फिकीर का उरली नाही? कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. आज आबा न्यायला येणार, म्हणून काल रात्री ते हलकं कापडही काढलं. मालक, सोमवारी मोटार कुणाची होती?"

पाटील दोन पावलं पुढं आले.

"दौंडच्या पुढाऱ्यांची," हौसराव खाली बघून म्हणाले. "वहिनीसाहेबांना ह्योच शालू पायजे होता. पुढच्या निवडणुकीला तिकिटाचं बोलणं चाललंय माझं. न्हाई म्हनता आलं न्हाई. आन् पाटलांना सांगायची छाती झाली न्हाई."

"म्हनून मास्तरणीवर आळ घातलास?" पाटलांनी विचारलं.

हौसराव हन्नाकडे वळून पुटपुटले, "बाई, चुकलो."

"मला नका सांगू. सकाळी पायरीवरून बोललात, तसंच बोला."

हौसराव पायरीवर गेले. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले.

"मोठ्यानं," जमादार म्हणाले. आता ते लिहून घेत होते.

हौसराव मोठ्यानं बोलले. पण बाजार भरला होता, सकाळची गर्दी कधीच पांगली होती. ऐकायला पाच-सहा माणसं होती.

हन्ना वर्गावर परतली. चार यंत्रं रिकामी होती.

"पोरी कुठं गेल्या?"

"त्यांच्या आया येऊन घेऊन गेल्या, बाई," उरलेल्या पोरींतली मरियम हळूच म्हणाली. "चोराच्या हाताखाली ठेवायच्या नाहीत म्हणाल्या."

हन्ना क्षणभर खुर्चीवर टेकली. मग पदर खोचून उठली आणि पहिल्या पोरीच्या घराची वाट धरली.