चमचाभर पीठ

घड्याळ पोटाशी धरून तो घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या.

"गजर वाजत नाही," बेकरीवाला म्हणाला. "पहाटे चारला भट्टी पेटवायची असते... आज गाव पावाविना राहिलं."

दुरुस्तीला बसलेल्या मुलीनं मागचं झाकण उघडलं. दातेरी चक्रांवर पिठाचा थर. घड्याळ कणीक मळायच्या ओट्यावर ठेवलं होतं, दुसरं काय. पण ती म्हणाली, "स्प्रिंग जुनी झालीय."

ही बाबांची शिकवण. बाबा आत भिंग लावून बसलेले असत. "दुरुस्तीला आलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो," ते सांगत. "चूक त्याची असली तरी वस्तूवर ढकलावी. वस्तूला राग येत नाही."

दहा दिवसांनी तो पुन्हा हजर. मग आठवड्यानं. मग चार दिवसांनी. आता पीठ एकाच जागी, नीट ढिगानं, चमच्यानं घातल्यासारखं. ती ब्रशनं झाडायची, हसू ओठांत दाबायची.

"स्प्रिंग का?"

"स्प्रिंगच."

"फार हट्टी दिसते."

"काही काही असतात तशा..."

पाचव्या वेळी मात्र त्यानं घड्याळ हळूच ठेवलं. नजर खाली. "हे शेवटचं. आई म्हणते, नवं आण. उद्या आणतोय. तुम्हाला उगाच त्रास झाला."

तिचा हात थांबला. नवं घड्याळ... म्हणजे हा परत येणार नाही. आणि जिभेवर सवयीनं तेच आलं, "स्प्रिंग..."

"पोरी," आतून बाबा म्हणाले, भिंगही न काढता, "माणसाला ओशाळं करू नकोस म्हटलं होतं. ताटकळत ठेव, असं कधी म्हटलं?"

तिचे कान तापले. तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि सरळ त्याच्याकडे.

"स्प्रिंग ठणठणीत आहे. चूक तुमची आहे."

"माझी?"

"पहिल्यांदा पीठ चुकून गेलं. नंतर चमच्यानं. आणि आज तर साखर आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. "पीठ संपलं होतं."

"बेकरीत?"

"...घाईत सुचलं नाही. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"रोज पहाटे चारला ठरवतो, आज सांगायचं. की तुम्ही आवडता. दुकानाशी येईतो अवसान गळतं."

तिनं चक्रं पुसली, चावी भरली. लक्ष त्याच्याकडे होतं — नको तो खटका दाबला गेला. भर दुपारी गजर असा खणखणला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तो बंद करायला गेला, तीही गेली, आणि दोघांचे हात घड्याळावरच राहिले.

"नवं आणू नकोस," ती गजरावरून ओरडून म्हणाली. "आणि उद्या येशील तेव्हा काही न बिघडवता ये."

दाराशी जमलेल्यांकडे बाबांनी भिंगाआडून पाहिलं.

"काही नाही हो," ते म्हणाले. "स्प्रिंग जुनी झालीय."