बिननंबराचा चष्मा

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा चष्म्याची एक काच डोळ्यावर, दुसरी हातात, आणि कपाळाला हे एवढं टेंगूळ.

"दार दिसलं नाही," तो म्हणाला.

"मग आमचं दुकान बरं दिसलं?"

तो हसला... आणि मेल्याच्या गालावर खळी पडली. मी उगाचच फडकं शोधायला खाली वाकले.

दुकान बाबांचं. ते मागच्या खोलीत काचा घासायचे, मी पुढे डोळे तपासायचे. हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा, म्हणून मी त्याचं नाव प्रोफेसर ठेवलं. नवा चष्मा त्याच्या कानामागे बसवताना माझी बोटं जरा जास्तच रेंगाळली, आणि तो टक लावून माझ्याकडे बघत राहिला.

"काय बघताय? अक्षरं तिकडे आहेत."

"तुमच्या चष्म्याला नंबरच नाही."

मी चपापले. "कशावरून?"

"सातव्या वर्षापासून जाड भिंगं वापरतोय. नंबर असला की काचेतून गालाची कड सरकलेली दिसते. तुमची जागच्या जागी आहे."

इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! "बाबा म्हणाले, चष्मा लावलेल्या मुलीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो," मी पुटपुटले.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? बाबा म्हणतील तसं."

त्यानंतर दर मंगळवारी त्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला होऊ लागला.

"चष्म्याचा, की तुमचा?" मी विचारायचे.

"दोन्ही आवळा."

तो स्वतःच ढिला करून आणतो हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मीसुद्धा मुद्दाम अर्धवटच आवळायचे.

एकदा मी त्याला नवी फ्रेम निवडायला सांगितली. तो म्हणाला, "तुम्हीच निवडा. पण एक लक्षात ठेवा हं, तुमच्यावर सोडायचं हे मी ठरवलं. उद्या लोक हसले तर तुमचं नाव सांगणार नाही."

"वर्गातपण असंच डोकं खाता का हो पोरांचं?" मी म्हटलं, आणि हसण्यावारी नेलं.

मग एका मंगळवारी तो आला आणि स्क्रू घट्ट होता. मी तरीही स्क्रूड्रायव्हर उचलला.

"दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. शनिवारी चारची गाडी," तो म्हणाला. मग चष्मा काढून पुसत राहिला... "मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल माझ्याशी? स्टेशनवर येऊन सांगा. ‘बाबा म्हणतील तसं’ सोडून काहीही चालेल. नाही म्हणालात तरी."

मला तो हवा होता. आणि मी म्हणाले काय, तर — "बाबांना विचारून सांगते."

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मान हलवली आणि गेला.

शनिवारी दुपारी एकदाचं बाबांना सगळं सांगितलं, चारच्या गाडीचंसुद्धा, आणि विचारलं. खरं सांगू? बाबांनी नाही म्हणावं, म्हणजे मी सुटेन, असंच मनात होतं.

"तो मंगळवारवाला ना? चांगला आहे की!" बाबा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"अगं, मला थोडंच त्याच्याशी लग्न करायचंय!" मग माझ्याकडे बघत राहिले. "तो चष्मासुद्धा मी एकदा गमतीत म्हटलं होतं. तू रोज घालायला लागलीस. मला वाटलं, तुला आवडतो."

मी काउंटरवरची एक फ्रेम उचलून पुसायला घेतली.

"साडेतीन झाले. जा, दुकान मी बघतो."

"गिऱ्हाईक आहे ना, बाबा..."

बाबांनी दुकानभर नजर फिरवली. दुकानात चिटपाखरू नव्हतं. ते आत जाऊन काच घासायला बसले. मी काउंटरवरच्या फ्रेमा पुसत राहिले, एकेक, चार वाजून जाईपर्यंत.

चष्मा मी त्याच दिवशी काढून ठेवला. एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही.

लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की बरीच वर्षं सांगायचे, बाबांमुळे राहिलं. बाबा आतून ऐकायचे. कधी बाहेर येऊन खोडून काढलं नाही त्यांनी.

आता बाबा नाहीत. परवा मावशीनं पुन्हा तेच विचारलं, आणि मी सवयीनं तोंड उघडलं.

"त्यानं विचारलं होतं, मावशी," मी म्हणाले. "मीच गेले नाही."