रेषा दिसेपर्यंत

रेणू त्या छोट्याशा म्युझियममध्ये शिरली ती केवळ पावसामुळे. घरी जायची रेडमंडची बस चुकली होती, छत्री उलटी झाली होती. आत मंद दालनात अठराव्या शतकातली छापचित्रं मांडलेली. एकात गोठा होता, गवत होतं, बाळाला कुशीत घेतलेली मेरी होती. सगळीकडे काळ्या रेघांचं दाट जाळं... आणि बाळाभोवती मात्र लख्ख उजेड! तिचे हात आपसूक जोडले गेले.

"मराठी मंडळाची पिशवी!" तिच्या खांद्यावरची पिशवी बघून शेजारचा तरुण हसला. "माझ्या आईकडेपण सेम आहे. तो उजेड बघितलास? एकही रेघ नाहीये तिथे. नुसता कोरा कागद. आजूबाजूचा अंधार तेवढा कोरलाय."

रेणू नुसतीच हसली.

"मी बोअर करतोय का?"

तिने फोनवर लिहून दाखवलं — आज गुरुवार. दिवा लागेपर्यंत मौन.

"सीरियसली? मग आज सगळं मीच बोलणार!"

तो ईशान. देशाच्या दुसऱ्या टोकाला, पार्सिपनीत वाढलेला, इथे म्युझियममध्ये जुनी छापचित्रं दुरुस्त करणारा. मग दर गुरुवारी तो बोलायचा, ती ऐकायची. बाकीचे दिवस नेमकं उलट.

व्रत मुळात रेणूच्या आईचं. आई गेली तेव्हा व्हिसाच्या घोळात रेणूला जाता आलं नव्हतं. मागे राहिलेलं तिचं हे एवढंच तिने उचललं होतं. "तळहातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की दिवेलागण," आई म्हणायची. ईशानला ते फार आवडायचं.

आणि डिसेंबरातल्या एका गुरुवारी तो बॅग घेऊन तिच्या दारात उभा राहिला. बॉस्टनची नोकरी, दोन वर्षांची. खाली टॅक्सी थांबलेली.

"मुद्दाम आज आलो. नाही म्हणालीस तर... ऐकावं लागणार नाही ना." त्याने चष्म्यावरचं पाणी पुसलं. "वाट बघशील माझी?"

रेणूचा एकच शब्द पुरला असता. पण तो आत्ता उच्चारला तर आईशी उरलेला तो एक धागा आपल्याच हाताने तुटणार होता. तिने त्याला खिडकीशी ओढलं आणि तळहात त्याच्यासमोर धरला.

बाहेर ढग पार झाडांवर टेकले होते. ईशान वाकला. खोटं बोलणं किती सोपं होतं...

"दिसतायत यार," तो पडेल आवाजात म्हणाला. "बारीकसुद्धा."

खाली हॉर्न वाजला. तो हलला नाही. फोन वाजला, त्याने कट केला.

"अजून एक आहे... अंगठ्याजवळ." त्याचं बोट हलकेच त्या रेषेवरून फिरलं. पाऊस वाजत राहिला. खोली हळूहळू काळवंडली. टॅक्सी निघून गेल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"गेली," तो पुटपुटला. "आता एकही दिसत नाही."

रेणूने निरांजन लावलं. हात जोडले. दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा, परका वाटत होता.

"आईला आवडला असतास तू," ती म्हणाली. "जा... बघेन मी वाट."

दुसरी टॅक्सी येईपर्यंतचा वेळ त्यांचा होता. तो नुसताच तिच्याकडे बघत बसला.

"बोल की," रेणू डोळे पुसत हसली. "गुरुवारी बोलायचं काम तुझं."

पण ईशानला एक शब्द फुटेना.