जिथे पडेल तिथेच

डोळे मिटायचे, पाठमोरं उभं राहायचं आणि चौकट डोक्यावरून मागे भिरकावून द्यायची. ती जिथे पडेल तिथली वाळू खणायची, तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, मोजायच्या आणि पुन्हा जागच्या जागी पुरायच्या. आपल्याला बरी वाटेल ती जागा निवडायची नाही, हा नियम. समीक्षाने तो वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता. मागे कुणी उभं असेल तर काय करायचं, हे मात्र कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं नव्हतं.

देवबागच्या खाडीत सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरलं, की वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने तिथे पहिली चौकट फेकली आणि मागून कुणीतरी कळवळलं. वळून बघते तर काय, पाइपाची ती चौकट होडी बांधणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यावरून उतरत, पाठीवर आपटून बरोबर त्याच्या पायांभोवती पडलेली. तो ती उचलायला वाकला.

"हलू नका," समीक्षा घाईने म्हणाली. "जिथे पडली तिथेच मोजावं लागतं."

"आणि माझे पाय? तेय मोजूचे आसत?"

"पाय राहू देत. पायाखालचं मोजायचंय."

दुसरा कुणी असता तर चार शब्द ऐकवून निघून गेला असता. हा उभा राहिला... दोर हातात धरून, मुकाट. ती त्याच्या बोटांभोवतीची वाळू उकरत बसली. त्याच्या घोट्याजवळ गळ लागल्याची जुनी खूण होती, ती तिला दिसली, आणि वहीत न लिहायची गोष्ट आपण कशाला बघतो आहोत म्हणून तिला स्वतःचाच राग आला. नऊ तिसऱ्या निघाल्या. त्याने वहीत डोकावलं, डावा पाय शांतपणे उचलून बाजूला ठेवला, आणि त्याखाली आणखी चार सापडल्या. मग दोघांनाही हसू आवरेना.

त्याचं नाव धनेश. कुठून आलीस, त्याने विचारलं. कसालची, ती म्हणाली. मग मालवणी बोलायला लाज वाटते का, असं त्याने विचारल्यावर तिची कॉलेजातली मराठी तिथेच गळून पडली.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिचा विषय होता संवर्धन जीवशास्त्र. वर्गातल्या इतरांनी प्रकल्पासाठी कॉलेजच्या आवारातली फुलपाखरं धरली होती. हिने धरली खाडी. कारण कसालच्या बाजारात तिसऱ्या घेऊन बसणारी बाई दरवर्षी एकच सांगायची, की आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत. हे खरं किती आणि सवयीचं किती, ते हिला बघायचं होतं. पाच जागा बांबू रोवून बंद ठेवायच्या, म्हणजे तिथे कुणी तिसऱ्या काढायच्या नाहीत, पाच उघड्या ठेवायच्या, आणि मे महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडे चौकट टाकून मोजायचं.

पण खाडी काही कॉलेजची नव्हती. ती तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची, आणि बायकांत शब्द चालायचा तो यशोदाकाकीचा. यशोदाकाकी म्हणजे धनेशची आई, मालवणीत आवस. मोजायला येतात आणि मग बंदी घेऊन येतात, असं त्या बायकांचं म्हणणं. समीक्षाने त्यांच्या अंगणात बसून शब्द दिला, की जो आकडा येईल तोच सांगेन, ठरवायचं ते तुम्हीच ठरवा. बंद जागांत तिसऱ्या वाढल्या तर दरवर्षी खाडीचा एक पट्टा आम्हीच सोडून देऊ, काकी म्हणाली. चौदा बायकांनी माना डोलावल्या. भर हंगामात हातचा पट्टा सोडणं ही सोपी गोष्ट नाही, हे समीक्षालाही ठाऊक होतं.

बांबू रोवले धनेशने. पर्यटकांना होडीतून फिरवून आणण्याचा त्याचा धंदा, पण समीक्षाच्या दिवशी सकाळी त्याच्या होडीला नेमकं काहीतरी होऊन बसायचं. ती मोजायची, तो लिहायचा. प्रत्येक तिसरी मापून ती परत वाळूत ठेवते, हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं.

"एवढ्यांचा कालवण झाला असता," तो उसासा टाकायचा.

"तू जेवायला आलास की मोजायला?"

"खरा सांगू?" तो वहीतच बघत म्हणायचा. "दोनांतला एकय नाय."

ती पुढची तिसरी मापायला घ्यायची. पण परतीच्या एस.टी.त कसालपर्यंत तिच्या ओठांवर हसू असायचं, आणि वही उघडली की आकड्यांच्या आधी त्याचं वळणदार अक्षर दिसायचं. ती प्रेमात पडली होती. उगाच आडवळणाने कशाला सांगा.

एप्रिल उजाडला आणि सगळं बिनसलं. बंद जागांतही तेवढ्याच तिसऱ्या, उघड्या जागांतही तेवढ्याच. कुठे नऊ, कुठे सात. तापलेल्या वाळूत ती वही मिटून बसली आणि तिचे डोळे भरून आले. मे महिन्यात हेच निघालं तर काकीला काय सांगू, असं ती म्हणाली.  धनेशने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली.

मे महिन्यात पहिल्या बंद जागेत चौकट टाकली, आणि निघाल्या एकतीस! दुसऱ्या बंद जागेत अठ्ठावीस, तिसऱ्या जागेत तेहेतीस. समीक्षाने आनंदाच्या भरात त्याचा चिखलाने माखलेला हात घट्ट धरला, आणि धरूनच ठेवला. सगळा जीव त्या हातात आल्यासारखं तिला झालं. तो मात्र भलतीकडेच बघत होता.

मग ती मापायला बसली. एक मोठी, दुसरी मोठी, तिसरीही मोठी. पिल्लू एकही नाही. आणि वाळूतल्या तिसऱ्या फिकट असतात, या तर काळपट होत्या, चिखलातल्या असतात तशा. तिने मोजपट्टी खाली ठेवली.

"धनेश, ह्यो तिसऱ्यो खंयसून इल्यो?"

समोर विचारल्यावर त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हे एक बरं होतं. पलीकडच्या काठच्या चिखलातून, तो म्हणाला. तीन सकाळी, बायका खाडीत उतरायच्या आधी, टोपली भरून.

"कित्याक?"

"तुझा तोंड उतरलेला माका बघवत नाय... म्हणान."

तिला रडावं की ओरडावं कळेना. एवढ्या प्रेमाने तिच्यासाठी कुणीच कधी काही केलं नव्हतं, आणि एवढं वाटोळंही कुणी केलं नव्हतं. या आकड्यावर तुझी आई आणि चौदा बायका आपला पट्टा सोडणार होत्या, ती म्हणाली. पुढच्या वर्षी तिथे काही निघालं नसतं. मग चौकट घेऊन येणाऱ्या कुठल्याही पोरीवर या काठावर कुणी विश्वास ठेवला असता का? धनेशचा चेहरा पडला. त्याने एवढा विचारच केला नव्हता. 

चार दिवसांनी काकीच्या अंगणात बायका जमल्या. समीक्षाने एप्रिलपर्यंतचे आकडे वाचले. वाढ दिसली नाही, असं सरळ सांगितलं. मे महिन्याचे आकडे धरता येणार नाहीत, कारण बंद जागांत बाहेरून तिसऱ्या आणून टाकल्या गेल्या आहेत, हेही सांगितलं. कुणी टाकल्या, ते मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणाच्या सुनेवर, कुणाच्या जावेवर नजरा फिरायला लागल्या.

तेव्हा माडाखाली उभा असलेला धनेश पुढे आला.

"त्यो मी हाडून टाकल्यो."

काकीने मुलाकडे पाहिलं. कशाला, असं तिने विचारलं नाही, नुसती वाट बघत राहिली.

"माका ह्या चेडू आवडता," धनेश समीक्षाकडे बोट दाखवत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ता खूश होईत असा वाटला."

 मग एका म्हातारीने पदर तोंडाला लावला, आणि चौदाच्या चौदा बायका हसत सुटल्या. हसली नाही ती फक्त काकी. समीक्षाला तर मान वर करायची सोय राहिली नाही.

पट्टा सोडायचं काही ठरलं नाही. ठरलं ते एवढंच, की बांबू आणखी एक वर्ष तसेच राहू द्यायचे. पण जूननंतर समीक्षा पुण्याला एम.एस्सी.ला जाणार होती. मग मोजणार कोण? ज्याने घाण केली तो, काकी म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

समीक्षा निघाली तेव्हा धनेश एस.टी.च्या स्टॉपपर्यंत आला. तुझं उत्तर काय, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला देता आलं नसतं. तो तिला आवडत होता, पण तो खरं सांगेल की तिला आवडेल ते सांगेल, हे तिला कळत नव्हतं. आणि हे कळल्याशिवाय आयुष्य कुणाच्या हाती द्यायचं कसं? गाडी सुटली तेव्हा तिने हात हलवला. त्यानेही हलवला.

पावसाळ्यात खाडी तुडुंब असते, कुणी मोजू शकत नाही. चार महिने गेले. पुण्यात मित्रमैत्रिणी झाल्या, अभ्यास अंगावर आला, आणि दुपारच्या जेवणाला कॅन्टीनमध्ये माशांचं नाव निघालं की समीक्षा उगीच मोबाइल काढून बघायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी, तिथेच ताटावर बसलेली असताना, मोबाइल वाजला. धनेशचा मेसेज होता. वर तारीख, सुकतीची वेळ. खाली एकेक ओळ.

"बंद एक: चार. बंद दोन: सहा, त्यातली एक बारीक. बंद तीन: एकय गावूक नाय. परत खणून बघितलंय. नाय."

आणि थोडं सोडून, "तुका वायट वाटतला म्हायत आसा. पण असाच आसा."

तिला वाईट वाटलंच. ती जागा तिची सगळ्यात लाडकी होती, आणि तिथे शून्य. पण ते शून्य त्याने दोनदा खणून पाहिलं होतं, आणि ती हिरमुसणार हे ठाऊक असूनही जसंच्या तसं पाठवलं होतं. समोरचं ताट दिसेनासं झालं. शेजारच्या मुलीने काय झालं म्हणून विचारलं, तर समीक्षाने नुसती मान हलवली, डोळे पुसले आणि टाइप केलं...

"आकडे पोचले. तू माका आवडतंस. दिवाळीक येतंय, आवशीक सांगून ठेव."