सात गाठींचा दोरा

संग्रहालयात आलेली वस्तू मोजल्याशिवाय कपाटात जायची नाही, असा नियम होता, आणि नोंदणीबाई नियमाच्या पक्क्या. यंदा प्रदर्शन होतं मूल नको म्हणून बायकांनी पूर्वी केलेल्या उपायांचं. टेबलावर मधात भिजवायचा लोकरीचा बोळा होता, शिशाचं कडं होतं, कडू बियांची पुडी होती.

"एवढं करूनही आपण जन्मलोच," बाई शिपायाला म्हणाल्या. तो लाजून चहा आणायला गेला.

खरं तर बाईंना या वस्तूंची थट्टा करवत नव्हती. धाकट्याच्या वेळी त्या मरता मरता वाचल्या होत्या. पुन्हा दिवस गेले तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं आणि सुटकेचा श्वास सोडला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

शेवटची वस्तू सात गाठींचा काळा दोरा. कालच एका म्हातारीने आणून दिलेला, तिच्या सुईण आजीचा. तक्त्यात रकाना होता, लांबी. गाठी मारलेला दोरा कसा मोजणार? बाईंनी सुईच्या टोकाने सातही गाठी सोडवल्या, दोरा ताणला आणि लिहिलं, चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

अकराच्या सुमारास म्हातारीचा फोन आला.

"बाई, गाठी सोडल्यात का?"

"मोजायला सोडल्या. का हो मावशी?"

"मघापासून माझ्या पोटात काहीतरी हलतंय. वय एक्याऐंशी माझं." आवाज कापत होता. "कडेची गाठ माझी. आधी ती मारा."

बाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. दोऱ्यावर उरलेल्या वळ्यांवरून जागा ओळखून त्यांनी कडेची गाठ आवळली.

"थांबलं," म्हातारी म्हणाली आणि रडू लागली.

"बाकीच्या सहा कुणाच्या?"

"त्या सगळ्या गेल्या."

"मग प्रश्नच मिटला."

"कसला मिटतोय? आजी म्हणायची, गाठीने येणारा परत जात नाही, नुसता थांबतो. आता त्यांना आया कुठल्या?" मग तिने विचारलं, "तिथे तुमच्याशिवाय आणखी कुणी बाई आहे?"

बाईंनी फोन ठेवला. खोलीत त्या एकट्याच होत्या.

त्यांनी भराभरा गाठी मारायला घेतल्या. दुसरी. तिसरी. बोटं घामाने निसटत होती. चौथी, पाचवी, सहावी.

सातवी बसेना.

आवळली की सैल व्हायची. दाताने ओढली. सुटली.

शिपाई चहा घेऊन आला. कप ठेवताना तो दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे पाहून म्हणाला, "ते लहान मूल कुठे गेलं? आत्ता इथे बसलं होतं. तुमची वाट बघतोय म्हणालं."

दोरा बाईंच्या हातातून केव्हाच गळाला होता. त्यांचा तळहात पोटावर होता, आणि आतून कुणीतरी हलकेच कूस बदलली.