अंतऱ्याच्या मधोमध

अकोल्याच्या बसस्टँडवरून ऑटो सुटता सुटता ती चढली, आणि तिची शेवंतीची टोपली सरळ श्रावणच्या मांडीवर आली.

“जरा धरा ना... खाली ठेवली त फुलं चेंदतीन.”

श्रावणनं धरली. दर्यापूरला त्याचं मोबाईलचं दुकान होतं. चार्जर, कव्हरं घ्यायला तो दर बुधवारी अकोल्याला यायचा. असं ओझं मात्र आजवर कुणी दिलं नव्हतं!

ऑटोवाल्यानं गाणं लावलं. ओढणी सावरणारा तिचा हात थबकला, ओठ हलकेच हलू लागले.

“आवडते वाटते तुमाले हे गानं?” श्रावणनं विचारलं.

“आवडनच ना.” ती लाजून हसली. “मीच म्हटलं हाय.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं... आणि तेवढ्यात, ऐन अंतऱ्याच्या मधोमध, स्पीकरमधून एक दणदणीत आवाज फुटला — “श्रावण मोबाईल, दर्यापूर! गाणे भरून मिळतील!”

श्रावण टोपलीतल्या फुलांकडे पाहू लागला. तो आवाज त्याचाच होता. नेटवरून उतरवलेल्या गाण्यात दुकानाचं नाव घुसवायचं आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायचं, सगळेच दुकानदार करायचे. त्या गाण्यामागे कुणी बाई असेल, ती एक दिवस शेजारी येऊन बसेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“हा श्रावण एकदा भेटला पाह्यजे मले,” ती म्हणाली. हसू मावळलं होतं. “पयलं गानं व्हतं माहं. सारं वऱ्हाड आयकून राह्यलं, पन नेटवरच्या माह्या चॅनलवर आले किती? नऊशे. नाव त्याचंच गाजून राह्यलं.” मग तिनं टोपली परत घेतली. “तुमचं नाव काय?”

“प्रीतम,” श्रावण म्हणाला.

तिचं नाव रागिणी. पातूरच्या केशवरावांची मुलगी. बुधवारी बापाची फुलं बाजारात पोचवायची आणि मग एका छोट्या स्टुडिओत सरावाला जायची. पहिलं गाणं चाललं तरच दुसरं रेकॉर्ड करू, असं स्टुडिओवाल्यानं तिला बजावलं होतं. हे सगळं श्रावणला पुढच्या बुधवारी कळलं, चहाच्या टपरीवर. त्याच्या पुढच्या बुधवारी दोघांनाही चहाची फारशी तलफ नव्हती, तरी दोन-दोन कप झाले. मोबाईलचं काम करतो एवढं त्यानं तिला सांगितलं, गाव मात्र टाळलं.

“मोबाईलचं काम करता ना? मंग धाडा ना चार मानसं माह्या चॅनलवर, प्रीतमराव!”

“चारच? अख्खं वऱ्हाड धाडतो.”

“बाप्पा! लयच मोठे मानूस दिसता.”

ती खळखळून हसायची, आणि तिच्या तोंडून ‘प्रीतम’ ऐकताना श्रावणला मान वर करवत नसे. आज सांगू, असं ठरवून तो घरून निघायचा. तिनं बशीवरून डोळे उचलून पाहिलं की तो आणखी एक चहा सांगायचा. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ते गाणं त्यानं कधीच पुसलं होतं. पण या फोनवरून त्या फोनवर गेलेलं तो कुठून परत आणणार?

अमरावतीच्या कृषी मेळाव्यात तिला गायला बोलावलं.

“येजा बरं... तुमी समोर असले त मले भेव नाही वाटनार.”

तो तिसऱ्या रांगेत बसला. दुपारच्या उन्हात मांडव गच्च भरलेला. जांभळ्या साडीतली रागिणी गाऊ लागली, तिचे डोळे त्याला शोधून स्थिरावले. मुखडा झाला. अंतरा सुरू झाला... आणि मागच्या रांगेतून पंधरा-वीस पोरं एका सुरात ओरडली —

“श्रावण मोबाईल, दर्यापूर!”

सारा मांडव हसला. रागिणी थांबली. पेटी जरा वेळ एकटीच वाजत राहिली. तिनं आधारासाठी श्रावणकडे पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली.

तिथं त्याला कुणीच ओळखत नव्हतं. तो बसून राहिला असता तरी चाललं असतं. पण राहवलं नाही. तो स्टेजवर चढला, माइक हातात घेतला.

“मी श्रावण. दर्यापूरचा. तो आवाज माहा हाय... गानं या रागिणीचं हाय. न इचारता घेतलं मी, अन् आपलं नाव ठोकलं. हसाचं असन त मले हसा. तिले नोका हसू.”

कुणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “झालं ना तुहं? उतर आता खाली. पोरीले म्हनू दे.”

रागिणीनं गाणं पहिल्यापासून म्हटलं, पुरं म्हटलं. त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मांडवामागे तो उभाच होता.

“काहून खोटं बोलले?” तिनं विचारलं.

“लाज वाटली.”

“इतके बुधवार?”

“दर बुधवारी जास्त वाटे. तू... तुमी आवडाले लागल्या ना, मंग तोंडच उघडेना. माहा जीव हाय तुमच्यावर. पन हे बोलाचीही लाज वाटते आता.”

तिचे डोळे भरले. तिनं पदरानं ते पुसले.

“मले लय राग आला हाय,” ती म्हणाली, “अन् तो लवकर जानार नाही. तिकडं बाबा बसले हायेत, फुलाइच्या स्टॉलवर. स्टेजवर सांगतलं ते त्याईले सांगा. डोळ्यात पाहून.”

श्रावण निघाला. दहा पावलांवर त्याला मागून बांगड्या वाजल्यासारखं वाटलं, पण वळून पाहायचा धीर झाला नाही.

केशवरावांनी हातातला हार खाली ठेवून वर पाहिलं, तेव्हा रागिणी श्रावणच्या शेजारी येऊन उभी होती.