वाळूत ब्रेक लावायचा नाही

यतीनची आणि माझी पहिली भेट झाली ती त्याची जीप घरंगळत माझ्या गाडीवर आली म्हणून.

ऑक्टोबरमधली सकाळ होती. भाईंदर पश्चिमेहून पूर्वेला जाणाऱ्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं होतं. मी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत नेहमीसारखी डाव्या सीटवर बसले होते, पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक. स्टिअरिंगवर तारोडीची उर्मिला होती. तिचा मासळीचा धंदा, स्वतःचा टेम्पो घ्यायचा म्हणून ती शिकत होती. पुढची हिरवी जीप हळूहळू मागे येताना आम्ही दोघींनी पाहिली. मी हॉर्न दाबून धरला. तरी ती आली, आणि आमच्या बंपरला हलकेच टेकली.

मी भांडायच्या तयारीनेच उतरले. जीपच्या टपावर कॅरियर, बाजूला फावडं बांधलेलं, मागे दोन जादा टायर... वाटलं, आत कोणी मोठा गाडीबहाद्दर असणार. बघते तर चष्मा लावलेला, घामाने डबडबलेला एक मुलगा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला.

"सॉरी," तो म्हणाला. "मला चढावर गाडी धरता येत नाही."

इतक्या सरळपणे कोणी कबूल केलं की भांडणातली मजाच जाते. मी त्याला बाजूला सरकायला सांगितलं, जीप पुलापलीकडे नेऊन लावली आणि धावत उर्मिलाकडे परत आले. त्या दोन मिनिटांत तो माझा डावा पाय क्लचवरून कसा उठतो, ते टक लावून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो क्लासच्या दारात उभा. गाडीवरच्या पाटीवरून पत्ता वाचला म्हणाला.

जीपची गोष्ट मला पहिल्या आठवड्यात तुकड्या-तुकड्यांनी कळली. तो मीरा रोडला एका नकाशाच्या कंपनीत कामाला होता. उपग्रहातून घेतलेल्या फोटोंवर बघायचं, आणि रस्ता दिसेल तिथे कॉम्प्युटरवर रेघ ओढायची. आठ वर्षं त्याच्या वाट्याला राजस्थानचा पश्चिम भाग होता. तिथली एकेक ढाणी, म्हणजे वाळवंटातली चार-पाच झोपड्यांची वस्ती, त्याला नावाने ठाऊक होती. पण प्रत्यक्षात तो कधी सुरतेच्या पुढे गेला नव्हता. आता त्याच्या मित्रांच्या दोन गाड्या जानेवारीत जैसलमेरला, तिथून खुरी गावाच्या बाजूच्या वाळूवाटांवर जाणार होत्या. तिसरी गाडी त्याने आणायची, असं ठरलं, म्हणून त्याने साठवलेल्या पैशांतून जुनी जीप घेतली. लायसन्स होतं. चालवायची सवय तेवढी नव्हती.

"म्हणजे आधी घोडा घेतलात, मग बसायला शिकताय," मी म्हटलं.

"घोडा निदान स्वतः थांबतो," तो म्हणाला, आणि मी हसले. शिकवताना मी सहसा हसत नाही.

महिन्याभरात तो रस्त्यावर बरा झाला. पण वाळूत चालवणं वेगळं, आणि ते मलाही येत नव्हतं. सात वर्षं मी शिकवत होते, पण कुठे? स्टेशन, मॅक्सस मॉल, फाटक, परत स्टेशन. त्याच चार किलोमीटरांत हजार फेऱ्या मारल्या असतील. हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग आपण दोघं मिळून शिकू. जागा उर्मिलाने दिली.

"मॅडम, रेती पायजे ना? आमच्या घरामागं रेतीच हाय," ती म्हणाली. "दुसरं काय बी न्हाय."

तारोडीला तिच्या घरामागे समुद्राच्या अंगाला मऊ वाळूचा मोठा तुकडा होता. एका बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, दुसरी बाजू मोकळी. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा प्रत्येक रविवार आम्ही तिथे काढला. टायरमधली हवा अर्ध्यावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यायचा, नाहीतर गाडी स्वतःच स्वतःचा खड्डा खणते. आणि वाळूत ब्रेक लावायचा नाही. पाय काढून घ्यायचा, वाळूच थांबवते. तो हे सगळं वाचून यायचा, मी करून बघायचे, मग तो करायचा. कितीदा रुतलो... फावडं मारून मारून माझ्या तळहाताला फोड आले, तेव्हा त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर राहिली. मग दोघांनीही समुद्राकडे बघितलं.

दमलो की बॉनेटवर कागद पसरून बेत आखायचा. पहिला दिवस उदयपूर, दुसरा जोधपूर, तिसरा जैसलमेर. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी. डिझेलचे दोन कॅन. मी त्यात माझी भर घालायचे — दर दोन तासांनी ड्रायव्हर बदलायचा, ऊन चढलं की टायरची हवा पुन्हा तपासायची. त्याने नकाशावर मला एक बारीक तुटक रेघ दाखवली. खुरीच्या पुढे दोन ढाण्यांमधला रस्ता, नोकरीतल्या पहिल्या आठवड्यात त्याने ओढलेला. तो खरंच तिथे आहे का, ते त्याला बघायचं होतं. बोट त्या रेघेवरून फिरताना त्याचा आवाज असा काही हळू व्हायचा, की मला त्या रेघेचा हेवा वाटायचा.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याने कागदाची घडी घालता घालता विचारलं, "तुम्ही येता का?"

इतक्या महिन्यांत तो 'मॅडम'वरून 'मिनल'वर आला होता, पण 'तुम्ही' सुटलं नव्हतं. माझंही.

मी सांगितलं. बारा जानेवारीला माझी टेस्ट होती, शहर बसच्या चालकांच्या भरतीची. अवजड गाडीचं लायसन्स मी वर्षापूर्वीच काढलं होतं, या एका दिवसासाठी. माझे बाबा तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याचा टेम्पो चालवत होते. डोळे अधू झाले म्हणून घरी बसले, आणि तेव्हापासून ते वर्तमानपत्रातली अशा भरतीची प्रत्येक जाहिरात कापून जपून ठेवत होते.

"तारीख पुढे ढकलायला सांगू का मित्रांना?"

"नको. त्यांनी रजा टाकल्यात."

तो काही वेळ चाकाला लागलेली वाळू बोटाने काढत राहिला. "मग टेस्टच," म्हणाला. "टेस्ट सोडायची नाही."

अगदी बरोबर बोलला होता. आणि मला मात्र वाटत होतं, एकदा तरी आग्रह करावा याने... मी नाहीच म्हटलं असतं. तरी.

आठ तारखेला पहाटे घोडबंदरच्या हायवेवर, पेट्रोल पंपापाशी तिन्ही गाड्या जमल्या. मी टायर बघायच्या निमित्ताने गेले होते. चारी टायर व्यवस्थित होते, तरी मी चारी तपासले. त्याच्या शेजारी बसणारा मित्र, दिपेश, चहा आणायला गेला, आणि आम्ही दोघंच उरलो. खाडीवरून गार वारा येत होता. यतीनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मिनल, मी काय म्हणत होतो..."

"घाटात गिअरवर उतरायचं," मी घाईने म्हटलं. "ब्रेकवर नाही."

"हो," तो म्हणाला. "गिअरवर."

जीप हायवेला लागून ट्रकांच्या मागे दिसेनाशी झाली. स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्यात, असं मला वाटलं.

मग वाट बघण्याचे दिवस आले. बेत सगळा मला पाठ होता, हीच पंचाईत झाली. विद्यार्थ्याला अर्धा क्लच शिकवताना मनात यायचं, आता उदयपूर सुटलं असेल. भाजी निवडताना — आता जोधपूर. दहा तारखेला जैसलमेरच्या किल्ल्याचा एक फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'उद्यापासून नेटवर्क नाही.' तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला. त्याच्या कडेला जीपच्या काचेत एका माणसाची अर्धी सावली होती. उर्मिलाला माझा चेहरा बघून काय कळलं कोण जाणे, तिने डबाभर सुकट आणून दिली.

बारा तारखेला मी बस चालवली. एवढ्या मोठ्या गाडीचं धूड उलटं आठच्या आकड्यात घ्यायचं होतं. परीक्षकाने आधी माझ्याकडे, मग माझ्या उंचीकडे पाहिलं. एकाही खांबाला धक्का न लावता मी ते काढलं. संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले, परत बसले, आणि डोळे पुसायला लागले. मी यतीनला मेसेज टाकला: 'पास.' एकच टिक. पेढा तोंडात होता आणि माझं लक्ष त्या एका टिकवर होतं.

तेरा तारखेला सगळे जैसलमेरला परतणार होते. फोन आला नाही. चौदाला संक्रांत. दुपार झाली, तिळाचे लाडू वळून झाले, शेजारपाजारची मंडळी येऊन गेली, तरी नाही. टिक अजून एकच. जीप उलटली असेल का... पाणी संपलं असेल का... मी हसून सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवत होते.

पाच वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मिनल? मी यतीन." वाऱ्याचा आवाज फार होता. "माझा फोन वाळूने गेला. जीपही एक दिवस अडकली होती. मित्रांचे फोन चार्जिंगला लावलेत, म्हणून एका दुकानदाराचा फोन मागून घेतलाय. तू कशी आहेस?"

तू. ते त्याच्या लक्षातही आलं नसावं.

मी बरी आहे म्हटलं. तो सांगत राहिला. ती तुटक रेघ तिथे नव्हती. कधीतरी असेल, पण आता त्या जागी वाळूची टेकडी होती, पंधरा माणूस उंच. तिच्यावरच जीप रुतली. तिघं मित्र ओरडत होते, जोरात घे, जोरात घे. त्याने पाय काढून घेतला, हवा कमी केली, आणि सगळ्यांना फावडी धरायला लावली.

"मग निघाली का गाडी?"

"निघाली. पण ते नाही सांगायचंय." तो थांबला. "आठ वर्षं मी त्या जागेकडे बघतोय, मिनल. तिथे जाऊन उभा राहिलो. संध्याकाळ होत होती, इतकं सुंदर होतं सगळं... आणि मला नुसतं वाटत होतं की हे तुला दाखवायला हवं. मी बाजूला बघितलं, तर दिपेश बिस्किट खात होता."

मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"हे मला पेट्रोल पंपावर बोलायचं होतं," तो म्हणाला.

"मी पास झाले," मी म्हटलं.

पलीकडे तो ओरडला, आणि कोणाला तरी हिंदीत सांगू लागला की 'वो पास हो गई'. दुकानदाराने माझं अभिनंदन केलं. मग फोन परत त्याच्याकडे आला. मी विचारलं, परतीला सोबत कोण आहे? कोणीच नाही, दिपेशला ऑफिसने बोलावलंय, तो सोळाला जोधपूरहून विमानाने जाणार. बाकीच्या दोन गाड्या तेव्हाच पुढे निघणार.

"तू जोधपूरला थांब," मी म्हटलं. "एकट्याने एवढं चालवायचं नाही. मी येते."

बाबा दारात उभे होते. किती ऐकलं होतं, माहीत नाही.

"कोण गो तो?"

"विद्यार्थी आहे, बाबा. क्लासचा."

"विद्यार्थ्यासाठी कोण जोधपूरला जात नाही, मिने."

मी खाली मान घातली. मग सगळं सांगितलं, पुलावरच्या चढापासून. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, तो नकाशेवाला दारू पितो का विचारायला. नोकरीवर हजर व्हायला अजून दोन आठवडे होते. शेवटी ते म्हणाले की वीस तारखेला घरी पोचायचं, आणि येताना त्याला जेवायला घेऊन यायचं, म्हणजे बघता येईल.

सोळाला दुपारी त्यांनीच मला हायवेवर आणलं. जोधपूरच्या बसवर चढवलं, ड्रायव्हरचं तोंड खिडकीतून नीट पाहून घेतलं, आणि समाधान झाल्यावरच हात केला.

सकाळी दहाला बस पोचली. तो समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता. नाक सोललेलं, दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी उतरले. त्याने माझी बॅग घेतली. मग दुसऱ्या हाताने माझा हात. तळवा खरखरीत होता, बोटांच्या बेचक्यांत अजून बारीक वाळू.

"मला वाटलं, बाबा नाही सोडणार तुला," तो म्हणाला.

"बाबांनीच बसवून दिलं." मी त्याच्याकडे बघितलं. मनात किती दिवस घोळवलेलं एक लांबलचक वाक्य होतं, ते विसरले. "मला तू आवडतोस, यतीन. टेस्टच्या दिवशीसुद्धा मी तुझाच विचार करत होते. हेच सांगायला आले."

त्याने हो म्हणून मान हलवली, कितीतरी वेळा. चहावाल्याने न सांगता दोन ग्लास पुढे केले. आम्ही एकाच बाकावर बसून ते प्यायलो, आणि हात सोडायचा राहूनच गेला.

मग मी स्टिअरिंगवर बसले, तो डावीकडे. शहराबाहेर आल्यावर रस्ता फुटत होता. पाटीवर एका बाजूला पाली, म्हणजे घराची वाट. दुसऱ्या बाजूला जैसलमेर. यतीन माझ्याकडे बघत होता.

बाबांना मी वीस तारखेचा शब्द दिला होता. आज सतरा होती. मी जैसलमेरच्या बाजूचा इंडिकेटर दिला.